आकड्यांची साक्ष



कारखान्यातला आकडा हा साहेबाचा, अशी आम्हा कामगारांची जुनी समजूत. मीही अनेक वर्षे त्याच्याकडे वैऱ्याच्या नजरेने पाहिले. ही नजर एका चौकशीत बदलली.

ठाणे जिल्ह्यातील एका रंगाच्या कारखान्यात एका ऑपरेटरला चार्जशीट मिळाली. त्याच्या पाळीत बॅचचा उतारा कमी आला होता. मी मागच्या महिन्यांच्या लॉगशीट मागवून सारे आकडे आलेखाच्या कागदावर मांडले. उतारा तिन्ही पाळ्यांत, सगळ्यांच्याच हातून, थोडा वरखाली होत होता. त्या दिवसाचा ठिपकाही त्याच नेहमीच्या पट्ट्यात होता. मग शिक्षा कशाबद्दल?

हा युक्तिवाद माझा नव्हे. 16 मे 1924 रोजी अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी वरिष्ठांना एक टिपण दिले. मध्ये एक रेषा, वर आणि खाली एकेक मर्यादा, आणि त्यांत कामाचे ठिपके; एवढीच आकृती. पट्ट्यातली हालचाल ही प्रक्रियेच्या अंगची. तिच्यासाठी कोणा एकाला दोष देऊ नये. पट्ट्याबाहेरचा ठिपका मात्र विशेष कारण सांगतो, ते शोधावे. यातली मख्खी अशी, की या मर्यादा साहेब ठरवीत नाही. प्रक्रियेच्या स्वतःच्या वागण्यातूनच त्या निघतात. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट 1947-48 साली भारतातही येऊन गेले.

रासायनिक कारखान्यात मात्र एका तबकडीने भागत नाही. तापमान, दाब, प्रवाह ही एका कुटुंबातली माणसे. एक वाढले की दुसरे वाढायचे, ही त्यांची रीत. प्रत्येक काटा आपल्या मर्यादेत असूनही ही रीत मोडली, तर कोठेतरी बिघाड आहे असे समजावे. अनेक मोजमापे एकत्र तोलण्याचे गणित हॅरल्ड होटेलिंग यांनी 1931 साली दिले. पुढे 1979 साली ईस्टमन कोडॅकचे जॅक्सन आणि रॉचेस्टर विद्यापीठातील गोविंद मुधोळकर यांनी, नेहमीच्या रीतीत न बसणारा जो शेष उरतो, त्याची मर्यादा कशी काढावी हे दाखविले. आज संगणक मोठमोठ्या रिअ‍ॅक्टरांवर याच वाटेने पहारा करतात.

आता भोपाळकडे वळू. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री 10 वाजून 20 मिनिटांनी 610 क्रमांकाच्या टाकीतला दाब चौरस इंचास 2 पौंड होता. 11 च्या सुमारास तो 10 झाला. पाळी नुकतीच बदललेली. कारखान्याच्या हिशेबी 2 ते 25 चालत असे. म्हणून 10 हा आकडा कोणाला खटकला नाही. पण पाऊण तासात पाचपट झालेला दाब ओरडून सांगत होता, की आत काहीतरी घडते आहे. मध्यरात्रीनंतर वायू सुटला आणि हजारो माणसे दगावली.

एका आलेखाने भोपाळ वाचले असते, असे मी म्हणणार नाही. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासूनच बंद होती. वायू जाळणाऱ्या मनोऱ्याचा नळ दुरुस्तीसाठी काढलेला होता. आकडा साक्ष देतो. पण साक्ष ऐकणारा हवा, आणि ऐकल्यावर यंत्र थांबविण्याचा अधिकार हवा. तो अधिकार काट्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला मिळावा, यासाठी आम्ही भांडतो. तो ऑपरेटर त्या चौकशीतून सुटला. त्याच्या हाती तो अधिकार मात्र अजून आलेला नाही.