शिवेवरची मरीआई आणि कल्याणचा फलाट

‘सुपरनॅचरल’ या अमेरिकी मालिकेच्या पाचव्या पर्वात रोगराई माणसाचं रूप घेऊन येते. त्या पात्राचं नाव पेस्टिलन्स. बायबलच्या अखेरच्या ग्रंथातले चार घोडेस्वार या मालिकेत घोडे सोडून मोटारींतून फिरतात, त्यांतला हा एक. २०१० साली दाखवलेल्या एका भागात तो डॉक्टर बनून वृद्धाश्रमात वावरतो आणि तिथल्या म्हाताऱ्यांवर आजार आजमावून पाहतो. त्याची सारी ताकद बोटातल्या अंगठीत असते. औषध कंपनीच्या लशीतून विषाणू पसरवण्याचं कारस्थानही याच पर्वात आहे.

मूळ ग्रंथात मात्र रोगराई नावाचा स्वतंत्र स्वार नाही. पहिला स्वार पांढऱ्या घोड्यावर, हातात धनुष्य आणि डोक्यावर मुकुट घेऊन येतो. तो कोण, यावर धर्मपंडितांचा वाद आहे. चौथा स्वार म्हणजे मृत्यू, आणि साथीचा रोग हे त्याच्या हत्यारांपैकी एक. पहिल्या स्वाराला रोगराईचा चेहरा बराच उशिरा मिळाला. स्पॅनिश लेखक ब्लास्को इबान्येझ याच्या १९१६च्या कादंबरीने तो जगभर पोचवला.

ठाणे जिल्ह्यात घोडेस्वार देव जुनाच आहे, पण त्याचं काम नेमकं उलटं. वारली घरातल्या लग्नात भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहितात आणि त्याच्या जवळच्या देवचौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या काढतात. हा राखणदार. खंडोबाही घोड्यावर बसतो तो राक्षसाला मारण्यासाठी आणि भक्ताच्या हाकेला धावून जाण्यासाठी. म्हणजे इथल्या माणसाच्या मनात घोडा रक्षकाकडे राहिला. रोग आला तो पायी चालत, बाईच्या रूपात, आईच्या नावाने.

पटकी आली की मरीआईचा कोप झाला म्हणायचं, देवीचे फोड उठले की शीतळा अंगात आली म्हणायचं. मुंबईच्या वेशीवर जरीमरी बसलेली. वांद्र्याच्या तळ्याकाठचं तिचं देऊळ आणि अंधेरी-कुर्ला रस्त्यावरची तिच्या नावाची वस्ती आजही आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या आगरी-कोळी गावठाणांतून ही जबाबदारी गावदेवी सांभाळते. गावावर येणारं संकट तिने शिवेवरच अडवायचं, अशी तिच्याकडून अपेक्षा. चैत्र-वैशाखातल्या जत्रेला परगावी गेलेला माणूसही घरी येतो, त्यामागे ही जुनी देणीघेणी आहेत.

साथ आलीच, तर तिला घालवण्याची रीत ठरलेली होती. लाकडाचा छोटा गाडा करायचा, त्यावर मरीआईची मूर्ती ठेवायची, खणानारळाने ओटी भरायची, हिरव्या बांगड्या आणि दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा, कोंबडा किंवा बकरा द्यायचा आणि वाजतगाजत गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. मागे वळून पाहायचं नाही. पुढच्या गावाने उठल्यावर तो गाडा पाहिला की तिथे धास्ती. मग ते गाव तीच पूजा करून तो पुढच्या शिवेवर ढकलणार. यावरून गावागावांत भांडणंही होत. या रीतीत रोगाला शत्रू म्हणून मारण्याची भाषा कुठेच नाही. ती रागावलेली पाहुणी आहे, तिचा मान राखायचा, जेवू घालायचं आणि वाटेला लावायचं. रोगाशी बोलता येतं, हा या साऱ्याचा पाया.

या रीतींची नोंद ज्याने करवून घेतली त्याची कथा ठाण्यापाशी येऊन थांबते. ए. एम. टी. जॅक्सन या मुलकी अधिकाऱ्याने लोकसमजुतींविषयीची प्रश्नावली गावोगावच्या शाळामास्तरांना धाडली होती. मुरबाड, पडघे अशा गावच्या मास्तरांनी साथी, भुतं, नवस, उतारे यांबद्दल उत्तरं लिहून पाठवली. ही सामग्री पुस्तकरूपात यायच्या आधीच, २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. तेव्हा तो नाशिकचा कलेक्टर होता. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. जॅक्सनचे कागद आर. ई. एन्थोवेन याने संपादित केले आणि कोकणचा खंड १९१५ साली छापून आला. मास्तरांनी लिहिलेला मरीआईचा संसार त्यात टिकून राहिला, हे मराठी वाचकांच्या दृष्टीने मोठं भाग्य.

पण मास्तर हे लिहीत होते तेव्हा त्यांच्या जिल्ह्यात एक साथ येऊन काही वर्षं लोटली होती, आणि ती कोणत्याही गाड्यावर बसायला तयार झाली नव्हती.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. घरात उंदीर पडायचे, मग दोन-चार दिवसांत घरातल्या कुणाला ताप भरायचा आणि काखेत किंवा जांघेत गाठ यायची. ‘केसरी’ने त्याला ग्रंथिक सन्निपात म्हटलं; लोक गाठीचा ताप म्हणत. १८९१च्या जनगणनेत सव्वाआठ लाखांच्या घरात असलेल्या मुंबईतून १८९७च्या फेब्रुवारीपर्यंत जवळपास निम्मी माणसं बाहेर पडली होती. समुद्राने जाणारे पडावांतून गेले, बाकीचे रेल्वेने.

आणि रेल्वे म्हणजे कल्याण. १८५३च्या एप्रिलात बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. १८६०च्या दशकात भोर घाट आणि थळ घाट खुले झाल्यावर पुण्याकडे जाणारा आणि नाशिककडे जाणारा, दोघंही कल्याणवरूनच जाऊ लागले. मुंबईहून घाटावर पळणाऱ्या प्रत्येकाला इथूनच जावं लागे. दहा-अकरा हजार वस्तीच्या, पेशवाईच्या आठवणी जपणाऱ्या या बंदरगावाच्या फलाटावर सरकारने तपासणी नाका बसवला. गाव आपल्या शिवेवर जे करत आलं होतं, तेच आता सरकार मुंबईच्या शिवेवर करू पाहत होतं. फरक एवढाच की इथे ओटी नव्हती, नैवेद्य नव्हता, होता तो नुसता हुकूम.

गाडी थांबली की डबे रिकामे करायचे. बोचकी, तांब्या, पोरंबाळं घेऊन माणसं फलाटावर रांगेत उभी. डॉक्टर एकेकाचा चेहरा आणि डोळे पाहणार, ताप पाहणार, गाठ आहे का हे हाताने चाचपणार. ज्याचा संशय आला तो रांगेतून बाहेर, कपडेलत्ते औषधी पाण्यात, आणि पुढचे दिवस छावणीत. परक्या पुरुषाचा हात अंगाला लागणं हा त्या काळच्या घरंदाज बाईच्या दृष्टीने मरणाहून वाईट प्रसंग होता. ओरड झाल्यावर स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर नेमले गेले, पण तोवर कल्याणच्या तपासणीची धास्ती घाट चढून गेली होती. तापाने फणफणलेलं मूल लुगड्याच्या पदराखाली दडवून नेणाऱ्या आईला रोगापेक्षा डॉक्टरचं भय जास्त वाटत होतं, आणि तिला दोष देता येत नाही.

या भीतीतून अफवा उठल्या. इस्पितळात माणसाला उलटं टांगून त्याच्या अंगातली मोमियाई नावाची औषधी चरबी काढतात. डॉक्टर विष देतात. ऑक्टोबर १८९६मध्ये मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं, तेव्हा राणीने सूड म्हणून माणसांची काळजं मागवली आहेत असंही लोक बोलू लागले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर चालून गेले. डॉक्टरच्या वेशातली रोगराई आणि लशीतून पसरणारं मरण ही अमेरिकी मालिकेच्या लेखकांची कल्पना वाटते; परळ-लालबागच्या चाळींत ती सव्वाशे वर्षांपूर्वीच बोलली गेली होती. वॉल्देमार हाफकिनने जानेवारी १८९७मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत प्लेगची लस बनवून आधी स्वतःला टोचून घेतली, तरी लोक टोचणीला बिचकतच राहिले.

४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा आला आणि सरकारला घरात शिरण्याचा, माणूस उचलण्याचा अधिकार मिळाला. पुण्यात प्लेग अधिकारी वॉल्टर रँड याने तो गोऱ्या सोजिरांकरवी वापरला. बूट घालून देवघरात शिरणारे शिपाई ही त्या पिढीची जखम होती. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, तिला ही पार्श्वभूमी आहे. लोकांना आपला घोडेस्वार खलनायक सापडला होता आणि तो खाकीत होता.

त्याच पुण्यात त्याच वर्षी दुसरीही एक गोष्ट घडली, आणि ती रँडच्या कथेइतकी सांगितली जात नाही याचं वाईट वाटतं. सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह गावाबाहेर दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर वाहून आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. रोग्याला हात लावणारा परका असेल तर माणसं पळतात आणि आपला असेल तर विश्वासतात, हे सरकारी अहवालांना फार उशिरा उमगलं. पुढे सक्ती सैल झाली, जातवार इस्पितळं निघाली, आणि उंदीर पडताच माळावर झोपड्या बांधून राहायला जाण्याची रीत लोकांनी स्वतःहून उचलली.

तोवर खरा स्वार कोण, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. १८९४मध्ये हाँगकाँगला यर्सिनने प्लेगचा जंतू शोधला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा? १८९८मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवलं. त्याचं म्हणणं तेव्हाच्या प्लेग आयोगाने मानलं नाही. मग ग्लेन लिस्टनने मुंबईतल्या प्लेगच्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले. थोड्या वेळात त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झाल्या. १९०५नंतरच्या संशोधन आयोगाने हे पक्कं केलं. परळच्या ज्या प्रयोगशाळेतून हे काम झालं, तिला १९२५मध्ये हाफकिनचं नाव मिळालं.

हे कळल्यावर कल्याणच्या नाक्याकडे पाहिलं की मन विषण्ण होतं. फलाटावर माणसांच्या काखा तपासल्या जात होत्या, आणि शेजारच्या रुळावरून मालगाड्या घाटाकडे चालल्या होत्या. पोत्यांत दडून बसलेल्या पिसवेला आठवडेच्या आठवडे तग धरता येतो. तिला ताप नव्हता, गाठ नव्हती, तिकीट नव्हतं. एवढा अपमान आणि एवढी दहशत पोसूनही प्लेग ठाणे जिल्ह्यात पसरला, घाट चढला आणि पुढच्या पाव शतकात देशभरात सुमारे एक कोटी माणसं घेऊन गेला.

१८९७चा कायदा पुस्तकात तसाच राहिला. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्र सरकारने तोच बाहेर काढला. मुंबईतले कोरोनाचे सुरुवातीचे रुग्ण कस्तुरबा रुग्णालयात दाखल झाले. गिरणी कामगार ज्यावर चालून गेले होते ते आर्थर रोडचं इस्पितळ ते हेच. २२ मार्चच्या रात्रीनंतर लोकल थांबल्या, आणि १५ जूनला सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. डोंबिवली-कल्याणहून मुंबईच्या रुग्णालयांत कामाला जाणाऱ्या परिचारिका आणि सफाई कामगार त्यांत होते. त्यातल्या अनेकांना तेव्हा आपल्याच सोसायटीच्या फाटकावर अडवलं गेलं.