मोटार शर्यतींतील खिलाडूवृत्ती व वादग्रस्त चुरस

ग्रां प्री शर्यतींतील चालकांचे जागतिक अजिंक्यपद १९५० मध्ये सुरू झाले. ते वर्षभरातील गुणांवरून ठरत असल्याने एका शर्यतीतील पंचांचा निर्णय किंवा प्रतिस्पर्ध्याचे वर्तन अजिंक्यवीर बदलू शकते. या दृष्टीने १९५८ व १९८९ या दोन वर्षांतील वाद एकत्र पाहण्याजोगे आहेत. कारण दोन्ही प्रसंगी बंद पडलेली मोटार पुन्हा सुरू करून शर्यतीत परतण्याची रीत हाच वादाचा विषय होता.

आरंभीच्या काळात एका पथकातील चालकास आपली मोटार सहकाऱ्यास देता येई व गुण दोघांत विभागले जात. १९५६ मध्ये माँत्सा येथील इटालियन ग्रां प्रीत ह्वान मान्वेल फांजो याची फेरारी नादुरुस्त झाली. लुईजी मूस्सो याने आपली मोटार देण्याचे टाळले. पीटर कॉलिन्झ याने मात्र स्वतःला अजिंक्यपदाची संधी असतानाही आपली मोटार फांजोच्या हवाली केली. दुसऱ्या क्रमांकाच्या त्या गुणांवर फांजोचे चौथे अजिंक्यपद पक्के झाले. कॉलिन्झ त्या वेळी अवघा २४ वर्षांचा होता.

१९५८ मध्ये स्टर्लिंग मॉस (व्हॅनवॉल) व माइक हॉथॉर्न (फेरारी) या दोन इंग्रज चालकांत चुरस होती. २४ ऑगस्ट रोजी पोर्तूच्या शहरी रस्त्यांवर झालेली पोर्तुगीज ग्रां प्री मॉसने जिंकली. दुसऱ्या क्रमांकावरील हॉथॉर्नची मोटार अखेरच्या फेरीत गरकन फिरून बंद पडली. तो ती चढाकडे ढकलू लागला असता, शर्यत संपवून तेथून जाणाऱ्या मॉसने ती उताराकडे ढकलण्यास ओरडून सांगितले. मोटार सुरू झाली, पण ती शर्यतीच्या उलट दिशेने नेल्याच्या कारणावरून पंचांनी हॉथॉर्नला बाद ठरविले. तेव्हा मॉस स्वतः पंचांपुढे गेला आणि हॉथॉर्न उलट दिशेने गेला तो पदपथावरून, शर्यतीच्या मार्गावरून नव्हे, अशी साक्ष त्याने दिली. हॉथॉर्नला दुसऱ्या क्रमांकाचे ६ व सर्वांत वेगवान फेरीचा १ असे ७ गुण परत मिळाले. (हॉथॉर्नच्या या विक्रमी फेरीबद्दल व्हॅनवॉल पथकाने दाखविलेली खूण मॉसने चुकीची वाचली व तो गुण मिळविण्याचा प्रयत्नच केला नाही, हाही एक दैवदुर्विलास.) १९ ऑक्टोबर रोजी कॅसाब्लँका येथील अखेरची शर्यत मॉसने जिंकली, तरी अंतिम गुण हॉथॉर्न ४२ व मॉस ४१ असे झाले. मॉसने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एकच. साक्ष दिली नसती, तर अजिंक्यपद मॉसचे होते. ते त्याला पुढेही कधी लाभले नाही.

या वर्तनाचे श्रेय केवळ त्या पिढीच्या सभ्यतेला देणे पुरेसे नाही. मूस्सो व कॉलिन्झ हे दोघेही १९५८ च्याच उन्हाळ्यात शर्यतींत मृत्यू पावले. मोटारीला मोटार भिडविणे म्हणजे उघड उघड मृत्यूला आमंत्रण होते. म्हणून ते डावपेचांत बसत नव्हते. १९८१ मध्ये मॅक्लारेनने कार्बन तंतूंचा सांगाडा आणल्यानंतर चालक अधिक सुरक्षित झाला आणि धडक ही हिशेबात धरण्याजोगी गोष्ट बनली.

आलँ प्रॉस्ट (फ्रान्स) व आयर्टन सेना (ब्राझील) हे मॅक्लारेनमधील सहकारी. पण १९८९ च्या ईमोला शर्यतीत, पहिल्या वळणावर एकमेकांना मागे टाकू नये हा आपसांतील करार सेनाने मोडल्याचा आरोप प्रॉस्टने केला व दोघांतील संभाषण जवळजवळ थांबले. २२ ऑक्टोबर १९८९ रोजी सुझुका (जपान) येथे अजिंक्यपदाची आशा टिकविण्यासाठी सेनाला विजय आवश्यक होता. ४७ व्या फेरीत तो आतल्या बाजूने पुढे घुसू लागताच प्रॉस्टने वळण घेतले व दोन्ही मोटारी एकमेकींत अडकून थांबल्या. प्रॉस्ट उतरून गेला. सेनाने मार्गरक्षकांकडून मोटार ढकलवून घेतली, बगलेच्या मार्गाने तो शर्यतीत परतला आणि पहिला आला. परंतु वळणाचा भाग वगळल्याबद्दल त्याला बाद करण्यात आले. अपील फेटाळले गेले, उलट दंडही झाला. अजिंक्यपद प्रॉस्टला मिळाले. पोर्तूप्रमाणे येथे प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने साक्ष देणारे कोणी नव्हते.

पुढील वर्षी त्याच मार्गावर, प्रॉस्ट फेरारीत असताना, सेनाने पहिल्याच वळणावर त्याच्या मोटारीवर आपली मोटार घातली. दोघेही बाद झाल्याने अजिंक्यपद सेनाकडे गेले. अग्रस्थानाची जागा मार्गाच्या धुळीच्या बाजूस ठेवल्याचा त्याला राग होता. हे कृत्य हेतुपुरस्सर होते, हे त्याने १९९१ मध्ये उघडपणे मान्य केले. शिक्षा मात्र झाली नाही. १९९३ च्या अखेरीस प्रॉस्ट निवृत्त होताना ॲडलेड येथे विजेत्या सेनाने त्याला हात धरून विजयमंचाच्या वरच्या पायरीवर घेतले. सहा महिन्यांनी ईमोला येथील अपघातात सेनाचा अंत झाला. साऊँ पाउलू येथे त्याच्या शवपेटिकेला खांदा देणाऱ्यांत प्रॉस्ट होता.

मायकेल शूमाकर याने १९९४ मध्ये डेमन हिलशी झालेल्या टकरीनंतर एका गुणाने अजिंक्यपद मिळविले. १९९७ मध्ये हेरेझ (स्पेन) येथे त्याने जॅक व्हीलनव्हच्या मोटारीला धडक दिली, तेव्हा मात्र नियामक मंडळाने त्याचे वर्षअखेरचे दुसरे स्थान रद्द केले. त्या वर्षी जिंकलेल्या पाच शर्यती त्याच्या नावावर राहिल्या.