तेवीस मिनिटं, एक्केचाळीस सेकंद

आजचा एपिसोड किल्लारीच्या भूकंपावर आहे. पण वाटेत माझ्या एका टेक्स्ट फाइलवर बराच वेळ जाणार आहे, तेवढं सांभाळून घ्या. त्या फाइलच्या भरवशावर मी माझ्याच आजीबद्दल तुम्हाला एक चुकीची गोष्ट सांगणार होतो. स्क्रिप्ट तयार होती, माइक लावला होता.

आधी सवय कुठून लागली ते सांगतो. नांदेडला विष्णुपुरीत बीटेक करताना एनपीटीईएलची लेक्चर्स बघायचो. तासाभराचा व्हिडिओ, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री "ते डेडलॉकचं नेमकं कुठं सांगितलं होतं" म्हणून पट्टी मागे-पुढे ओढत बसायचं. माझा रूममेट लातूरचा, म्हणजे लातूर पॅटर्नमध्ये भाजून निघालेला. त्याच्या वहीच्या समासात आकडे असायचे: १२:४०, ३१:०५. मुद्दा एका ओळीत, आणि तो व्हिडिओत कुठं आहे ते समासात. मी तेच टेक्स्ट एडिटरमध्ये आणलं. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्या स्क्रीनवर साधी टेक्स्ट फाइल. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तास, मिनिट, सेकंद, तिन्ही दोन-दोन आकडी. शून्य सोडायचा नाही, कारण मग ओळी कशाही लिहिल्या तरी सॉर्ट केल्यावर आपोआप वेळेनुसार लागतात.

२०२१ च्या दिवाळीत मी आजीला मोबाइलसमोर बसवलं. ४७ मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. आजीचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळच. माझी धाकटी आत्या त्या भूकंपात गेली, अकरा वर्षांची होती. घरात हा विषय कुणी काढत नसे. त्या दिवशी मात्र आजी बोलली. दोन वर्षांनी आजी गेली.

भूकंपाची माहिती तुमच्यापैकी बऱ्याच जणांना असेल, तरी थोडक्यात सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र, लोक उशिरा झोपलेले. तीव्रता ६.२ च्या आसपास. जगात याहून मोठे भूकंप दरवर्षी होतात, मग इथं इतकी माणसं का गेली? घरांमुळे. जाड दगडी भिंती, दगड मातीत बसवलेले, आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं ते घर झोपेतल्या माणसांवर आलं. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा आहे, काही ठिकाणी तो दहा हजारांच्या जवळ दिला जातो. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांतली ५२ गावं अशी उद्ध्वस्त झाली की ती दुसऱ्या जागी नव्यानं वसवावी लागली.

आता माझी फाइल. त्या व्हिडिओच्या नोट्समध्ये या तीन ओळी होत्या:

००:२१:१० रात्री धक्का. सगळे घराबाहेर झोपले.
००:२३:४१ आजीनं मुलांना आत बोलावलं.
००:२५:०५ घर पडलं. आत्या.

तुम्ही काय समजलात? मीही तेच समजलो. रात्री पहिला धक्का बसला, सगळे बाहेर आले, मग आजी म्हणाली आत चला, आणि पहाटे घर कोसळलं. स्क्रिप्टमध्ये मी हे असंच लिहिलं होतं. वर दोन वाक्यं जास्तीची, तुमच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून.

रेकॉर्डिंगच्या आधी आजीचे मूळ शब्द स्क्रिप्टमध्ये घालावे म्हणून २३:४१ वर गेलो. एमपीव्ही प्लेयरला सुरुवातीची वेळ दिली की तो थेट तिथून सुरू होतो. आजी म्हणते, "म्याच म्हणलं, चला आता आत. दिवाळी झाली, लेकरं गारठायलेत."

दिवाळी झाली? भूकंप तर गणपतीत झाला.

मग साध्या स्पीडनं पुढचं ऐकलं. नोट्स काढताना मी व्हिडिओ दीडपट स्पीडवर लावला होता, तोही आजीचा, हे आज सांगायलाही लाज वाटते. त्या वाक्यानंतर आजी जवळजवळ चाळीस सेकंद गप्प आहे. मागं पंख्याचा आवाज येतो. मग ती म्हणते, "आन् मंग पुढल्या साली..."

म्हणजे २१:१० चा धक्का त्या रात्रीचा नव्हताच. तो १९९२ चा. त्या वर्षी ऑक्टोबरात किल्लारी भागात लहान-मोठे धक्के बसत होते आणि घाबरलेले लोक बाहेर झोपत होते. दिवाळीनंतर थंडी वाढली तशी आजीनं लेकरांना आत घेतलं. भूकंप आला तो त्यानंतर अकरा महिन्यांनी. तोवर सगळं गाव घरातच झोपत होतं. तरीही आजीनं त्या दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या. तिच्या मनात त्या तशाच जोडलेल्या होत्या आणि तिनं ते तीस वर्षं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. माझ्या तीन ओळींनी त्या दोन्हींची एकच रात्र करून टाकली होती. ते मी तुम्हाला ऐकवलं असतं, तर आजीनं स्वतःवर घेतलेला दोष मी जगासमोर पक्का करून टाकला असता.

इथं मला म्हाइंभट आठवतात. शाळेत आपण एक ओळ पाठ केलेली असते, "लीळाचरित्र हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ, साधारण १२७८". पण तो तयार कसा झाला? चक्रधरस्वामींच्या मागे म्हाइंभटांनी नागदेवाचार्य आणि इतर अनुयायांकडून आठवणी गोळा केल्या, रिद्धपूरला बसून त्या लिहिल्या. म्हणजे मराठीतलं पहिलं मोठं गद्य हे मुलाखतींच्या नोट्स आहेत! पुढं मूळ पोथी धाडीत हरवली आणि शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा लिहिली. साहजिकच पाठ वेगवेगळे निघाले. मला आवडतं ते यानंतरचं. फरक आला तिथं त्यांनी एक पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. अमक्याची आठवण अशी आहे, असं नावानिशी नोंदवलं. त्याला शब्द आहे 'वासना', म्हणजे स्मरणातला पाठ. शिवाय स्वामी कुठं कुठं राहिले त्या जागांची वेगळी पोथी, स्थानपोथी. त्यांच्याकडे प्लेयर नव्हता, पण कोण म्हणालं आणि कुठं घडलं हा पत्ता त्यांनी सोडला नाही.

माझ्या नोट्समध्ये वेळ होती, म्हणून परत जाता आलं. पण 'आजीनं बोलावलं' हे माझे शब्द आणि 'म्याच म्हणलं' हे तिचे, यात फरकच केला नव्हता. आता बोलणाऱ्याचे शब्द अवतरणात आणि माझं मत कंसात. वेळ वाक्याच्या पाच सेकंद आधीची, कारण हात नेहमी उशिरा चालतो. शांतता असेल तर तिचीही ओळ. आणि मूळ व्हिडिओला कात्री लावायची नाही. सुरुवातीचं "आवाज येतोय का" कापलं, की खालचे सगळे आकडे सरकले म्हणून समजा.

घरात असं रेकॉर्डिंग पडून असेल तर या रविवारी काढाच. मुक्तिसंग्राम संपला १७ सप्टेंबर १९४८ ला. तेव्हा दहा वर्षांचा असलेला माणूस आज पंच्याऐंशी ओलांडून गेलाय. किल्लारी पाहिलेली माणसं अजून आहेत.

आजीचा तो तुकडा मी या एपिसोडमध्ये लावलेला नाही. बाबांना मात्र ऐकवला. त्यांनी दोनदा ऐकला आणि म्हणाले, "नाही रे, आत चला असं आजोबा म्हणले होते. मला पक्कं आठवतंय, मी अंगणात होतो." आईला वाचवायला म्हणाले की खरंच तसं होतं, मला कळलं नाही. विचारलंही नाही. फाइलमध्ये २३:४१ खाली आता आणखी एक ओळ आहे:

(बाबांची वासना: "आजोबा म्हणले होते.")