पिटातले परीक्षक : म्हैसूर आणि स्वस्तातला गुन्हेपट

म्हैसुरात चित्रपट बनू लागले तेच मुळी हात आखडून. मद्रासच्या मोठ्या स्टुडिओंकडे होते तसे भांडवल इथे नव्हते आणि कन्नड चित्रपटाची बाजारपेठही लहान होती. 1940 च्या दशकाअखेरीस डी. शंकरसिंह आणि बी. विठ्ठलाचार्य यांनी ‘महात्मा पिक्चर्स’ची उभारणी केली. नागकन्या, मंत्रतंत्र, मोहिनी अशी त्यांची सामग्री. ‘नागकन्निका’ (1949) आणि ‘जगन्मोहिनी’ (1951) हे त्यांचे गाजलेले चित्रपट. चमत्कार स्वस्तात कसा उभा करायचा, याचा धडा विठ्ठलाचार्यांनी इथेच गिरवला. पुढे तेलुगू चित्रपटसृष्टीत त्यांचे नाव झाले ते याच कसबावर. 1954 मध्ये एम. एन. बसवराजय्या यांनी म्हैसुरातच प्रीमिअर स्टुडिओ सुरू केला आणि शहराला चित्रीकरणाचे कायमचे ठिकाण मिळाले.

या चित्रपटांवर मत देणारे दोन वर्ग पहिल्यापासून वेगळे होते. एक वर्तमानपत्रांत लिहिणारा, दुसरा पडद्यालगतच्या सर्वांत स्वस्त जागांवर बसणारा. मराठीत ज्याला पिट म्हणतात त्याला जुन्या म्हैसूर भागात ‘गांधी क्लास’ म्हणत. इथला प्रेक्षक आपले मत लिहून ठेवत नसे. शिट्टी, पडद्यावर उधळलेली चिल्लर, नाही तर मध्यंतरानंतर रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या, एवढीच त्याची भाषा. त्यामुळे अशा चित्रपटांविषयीचा लेखी पुरावा जवळजवळ सगळा पहिल्या वर्गाचा आहे, आणि तो वाचताना ही एकतर्फी बाजू लक्षात ठेवावी लागते.

गुन्हेकथेची गोडी मात्र चित्रपटाआधी पुस्तकांनी लावली होती. मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी जे केले, तेच कन्नडमध्ये एन. नरसिंहय्या यांनी केले. त्यांचा पत्तेदार (गुप्तहेर) पुरुषोत्तम अनेक स्वस्त पुस्तकांमधून गुन्हेगारांचा माग काढत राहिला. विद्वानांनी या पुस्तकांना साहित्यात जागा दिली नाही. वाचनालयांत मात्र ती हातोहात फिरली.

पडद्यावरची लाट आली ती युरोपातून. जेम्स बाँडचा ‘डॉक्टर नो’ 1962 मध्ये आणि ‘गोल्डफिंगर’ 1964 मध्ये आला. पाठोपाठ इटली आणि फ्रान्समधल्या निर्मात्यांनी भागीदारीत स्वस्त हेरपटांचा धडाका लावला. ‘ओएसएस 117’ ही त्यातली ठळक मालिका. खर्च वाटून घ्यायचा, परदेशी शहरात थोडे चित्रीकरण करायचे, नायकाला क्रमांक द्यायचा, असा हा साचा. तो दक्षिण भारतात पोहोचायला वेळ लागला नाही. 1966 चे तमिळ ‘वल्लवन ओरुवन’ आणि तेलुगू ‘गूढचारी 116’ या मालिकेवरूनच बेतले होते. तेलुगूतल्या हेराच्या क्रमांकातून फक्त एक वजा झाला होता, एवढा तो उघड मामला. त्या तेलुगू चित्रपटाचे छायालेखक रविकांत नगाइच यांनी 1967 मध्ये हिंदीत त्याचाच ‘फर्ज’ केला आणि जितेंद्रचे बस्तान बसवले.

कन्नडमध्ये हा साचा आला तो म्हैसुरात जन्मलेल्या एस. के. भगवान (1933–2023) यांच्या हातून. छायालेखक बी. दोरैराज यांच्याबरोबर त्यांनी दोरै-भगवान ही जोडी बांधली आणि 1968 मध्ये ‘जेडर बले’ काढला. नाव म्हणजे कोळ्याचे जाळे. नायक राजकुमार, हेराचे नाव प्रकाश आणि क्रमांक 999. त्याच वर्षी ‘गोवादल्ली सीआयडी 999’, 1969 मध्ये ‘ऑपरेशन जॅकपॉट नल्ली सीआयडी 999’ आणि बऱ्याच खंडानंतर 1978 मध्ये ‘ऑपरेशन डायमंड रॅकेट’ आला. पहिले तीन कृष्णधवल, चौथा रंगीत. चौथ्यासाठी नेपाळ गाठले. दुसऱ्याला मात्र परदेशी भासणारे समुद्रकिनारे शेजारच्या गोव्यातच मिळाले. पोर्तुगीज सत्ता जाऊन तिथे जेमतेम सहा-सात वर्षे झाली होती. ‘गोवादल्ली’त लक्ष्मी ही अभिनेत्री कन्नड पडद्यावर प्रथम दिसली आणि ‘ऑपरेशन जॅकपॉट’मधून रेखा नायिका म्हणून पहिल्यांदा लोकांसमोर आली. स्वस्त गुन्हेपट नवख्यांना दार उघडून देतात, त्याची ही दोन चांगली उदाहरणे.

ही नक्कल लोकांनी का उचलून धरली, याचे एक कारण चित्रपटगृहाबाहेर सापडते. 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात अ. न. कृष्णराव यांच्यासारख्या लेखकांच्या पुढाकाराने डबिंगविरोधी चळवळ झाली. राजकुमारही त्यात उतरले, आणि इतर भाषांतले चित्रपट कन्नडमध्ये डब करून दाखवणे बंद पडले. हा अलिखित नियम जवळपास अर्धशतक टिकला. 2015 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने त्याविरुद्ध निर्णय दिला. बाँड कन्नडमध्ये बोलायला हवा असेल, तर तो इथेच घडवणे भाग होते. शिवाय साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात तेव्हाच्या म्हैसूर राज्याने राज्यात बनलेल्या कन्नड चित्रपटांना अनुदान देण्यास सुरुवात केली. दुसरे कारण राजकुमारांचे. ‘बेडर कण्णप्पा’पासून (1954) संत, राजे आणि पुराणपुरुष रंगवलेला हा नट अचानक सूट घालून हातात पिस्तूल घेतो, हेच प्रेक्षकांना तिकिटाचे मोल वाटले. मूळ बाँडपटापुढे सजावट फिकी पडते, ही टीकाकाराची तक्रार खरी होती. पण पिटाने ती तुलना मनावर घेतली नाही.

दोरै-भगवान यांना प्रतिष्ठा मिळाली ती ‘कस्तूरी निवास’ (1971) आणि ‘एरडु कनसु’ (1974) या कौटुंबिक चित्रपटांमुळे. त्याच सुमारास ‘संस्कार’ (1970) आणि ‘वंशवृक्ष’ (1971) यांनी कन्नड नवचित्रपटाचा पाया घातला. पहिल्याचे मूळ लेखक यू. आर. अनंतमूर्ती म्हैसूर विद्यापीठात शिकवत, दुसऱ्याचे एस. एल. भैरप्पा यांचेही नाव म्हैसूरशी कायमचे जोडले गेले. हे चित्रपटही अत्यल्प खर्चातच बनले होते. तिथे काटकसरीला साधेपणा म्हटले गेले, हेरपटात तिलाच दारिद्र्य. दोन्ही निवाडे देणारी लेखणी बहुधा एकाच वर्गाची होती.

इटलीतही हेच चालले होते. हेरपटांची लाट ओसरल्यावर तिथे 1970 च्या दशकात पोलीस, टोळ्या आणि भाडोत्री मारेकरी यांच्या स्वस्त चित्रपटांचा पूर आला. तो काळ राजकीय हिंसाचाराचा आणि अपहरणांचा होता, त्यामुळे कथा शोधायला लांब जावे लागत नव्हते. फर्नांदो दी लिओ यांचे ‘मिलानो कालिब्रो 9’ आणि ‘ला माला ओर्दिना’ हे 1972 चे दोन चित्रपट या प्रकाराचे उत्तम नमुने. दुसऱ्यात हेरॉइनचा माल गायब झाल्याच्या संशयावरून न्यूयॉर्कहून दोन सुपारीबाज मिलानमध्ये येतात. त्यांचे सावज एक फालतू दलाल, आणि तोच अखेरीस त्यांना भारी पडतो. इटलीत चित्रपटगृहांच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या: नवे चित्रपट पहिल्या दर्जाच्या गृहांत, मग ते उतरत उतरत वस्त्यांतल्या तिसऱ्या दर्जाच्या गृहांत. टीकाकारांनी यातल्या अनेक चित्रपटांना फॅसिस्ट वळणाचे ठरवले, कारण नायक कायदा हातात घेतो. खालच्या पायरीवरचा प्रेक्षक मात्र ते पुन्हा पुन्हा बघत राहिला. 2004 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवाने याच दुय्यम मानलेल्या इटालियन चित्रपटांचे खास पुनरावलोकन भरवले. क्वेंटिन टॅरँटिनो त्याचे पाठीराखे होते.

म्हैसूरच्या बाजूने हिंसक गुन्हेपटाचे वळण घेतले ते शंकरसिंह यांच्याच मुलाने. म्हैसुरात जन्मलेले राजेंद्रसिंह बाबू यांनी 1981 मध्ये एच. के. अनंतराव यांच्या कादंबरीवरून ‘अंत’ काढला. ही कादंबरी ‘सुधा’ साप्ताहिकातून क्रमशः आली होती. पोलीस अधिकारी सुशीलकुमार आपल्यासारख्याच दिसणाऱ्या कनवरलाल या गुन्हेगाराचे सोंग घेऊन टोळीत शिरतो. दोन्ही भूमिका अंबरीश यांच्या. मंड्या जिल्ह्यातले अंबरीश म्हैसूरचे विख्यात व्हायोलिनवादक टी. चौडय्या यांचे नातू. छळाची दृश्ये आणि सत्ताधाऱ्यांचे चित्रण यांवरून ‘अंत’ वादात सापडला. बाबूंनीच त्याच वर्षी हिंदीत केलेला ‘मेरी आवाज सुनो’ही वादातून सुटला नाही. प्रेक्षकांनी मात्र सज्जन सुशीलकुमारपेक्षा कनवरलालला डोक्यावर घेतले. अंबरीश यांना पुढची कित्येक वर्षे ‘बंडखोर तारा’ हे बिरुद चिकटले ते यातूनच.

स्वस्त निर्मितीची काळी बाजू म्हैसुराने 8 फेब्रुवारी 1989 रोजी पाहिली. प्रीमिअर स्टुडिओत ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या दूरदर्शन मालिकेच्या सेटला आग लागली आणि 62 जण मृत्युमुखी पडले. निर्माते आणि नायक संजय खान गंभीर भाजले. त्यांच्यावर सत्तरहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. भिंतींवर गोणपाट, सैल वायरिंग, हवा खेळायला वाट नाही आणि आग विझवायची पुरेशी साधने नाहीत, अशी कारणे पुढे आली. या दुर्घटनेनंतर स्टुडिओचे वैभव परत आले नाही.

गुन्हेपटांची निर्मिती तोवर बंगळुरूकडे सरकली होती. 1995 मध्ये उपेंद्र यांनी ‘ओम’मध्ये बंगळुरूच्या गुन्हेगारी जगातली खरी माणसे पडद्यावर उभी केली. त्या चित्रपटाचे शेकडो वेळा पुनःप्रदर्शन झाले. म्हैसुरातली एकपडदा गृहे मात्र एकेक करून मिटली. शांतला आणि लक्ष्मी 2020 च्या टाळेबंदीनंतर पुन्हा उघडली नाहीत. सीआयडी 999 चे चित्रपट आता मोबाइलवर विनामूल्य दिसतात, आणि त्यांच्याविषयी जिव्हाळ्याने बोलणाऱ्यांत अशी मंडळीही असतात ज्यांच्या जन्माआधीच शेवटचा ‘डायमंड रॅकेट’ पडद्यावरून उतरला होता.