तळणीचे मासे, गोड्या पाण्यातील (वर्सोवा)

तळ्यात, नदीत, धरणात किंवा खाडीच्या गोड्या टोकाशी वाढणारे आणि तव्यावर अख्खे मावणारे लहान मासे. उत्तर अमेरिकेत या वर्गात ब्लूगिल, क्रॅपी, यलो पर्च येतात. महाराष्ट्रात चिलापी, शिंगटी, चिवणी आणि लहान मरळ. तुकड्या पाडून तळायचे रोहू-कटला यांनाही व्यवहारात याच पंगतीला बसवतात. वर्सोवा, म्हणजे कोळ्यांचे वेसावे, हे या माशांचे गाव नव्हे. पश्चिमेला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला मालाडची खाडी, आणि बंदरावर उतरतो तो डोल जाळ्यातला माल : बोंबील, मांदेली, जवळा. तरीही गोड्या माशाची परीक्षा घ्यायला मुंबईत याहून कडक जागा सापडणार नाही, कारण इथे त्याची तुलना थेट शेजारच्या पाटीतल्या ताज्या मांदेलीशी होते. केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था (स्थापना १९६१, १९८९पासून अभिमत विद्यापीठ) वर्सोव्यातच आहे आणि तिथे गोड्या पाण्यातली मत्स्यशेतीही शिकवली जाते. कोळीवाड्याच्या जिभेवर त्याचा फारसा परिणाम झालेला दिसत नाही.

चवीतला मूळ फरक पाण्याचा आहे. समुद्राचे पाणी माशाच्या शरीरद्रवापेक्षा कितीतरी खारट. त्याला तोंड देण्यासाठी समुद्री माशाच्या पेशींत ग्लायसीन, ग्लुटामेट यांसारखी मुक्त अमिनो आम्ले साठलेली असतात. ग्लायसीन जिभेला गोड लागते, ग्लुटामेट रुचकर. गोड्या पाण्यातल्या माशाला या साठ्याची गरज नसते, म्हणून त्याचे मांस सौम्य, कधीकधी चक्क सपक लागते. याची भरपाईही आहे. समुद्री माशात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड हे द्रव्य असते आणि मासा शिळा होऊ लागला की त्यातूनच तो ओळखीचा उग्र वास सुटतो. रोहूमध्ये ते नगण्य असल्याने बर्फातून लांबचा प्रवास करून आलेला रोहूही तसा वास मारत नाही. ‘वास नाही म्हणजे ताजा’ हा समज मात्र इथेच फसतो. रोहू घेताना कल्ले उघडून लाली पाहावी, बोटाने दाबून मांस परत वर येते का ते पाहावे.

गोड्या माशावरचा नेहमीचा आक्षेप चिखलाच्या वासाचा. हा वास चिखलाचा नसून जिओस्मिन आणि २-मिथिलआयसोबॉर्निऑल या दोन संयुगांचा असतो. साचलेल्या, सांडपाण्याने पोसलेल्या पाण्यातले नील-हरित शैवाल आणि काही जिवाणू ती तयार करतात. ती माशाच्या कल्ल्यांतून आत शिरून चरबीत मुरतात. पहिल्या पावसात मातीला येणारा वासही जिओस्मिनचाच. मातीत हवाहवासा, माशात नकोसा. माणसाच्या नाकाला तो लिटरभर पाण्यात काही नॅनोग्रॅम असला तरी कळतो. उपाय दोन. मासा काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात जिवंत ठेवला तर वास उतरतो. मत्स्यशेतीत हे करतात. दुसरा उपाय स्वयंपाकघरातला : आम्लात जिओस्मिनचे रूपांतर वासहीन संयुगात होते. चिंचेचा कोळ, कोकमाचे आगळ किंवा लिंबू चोळून मासा मुरत ठेवण्याची रीत म्हणूनच गोड्या माशाला अधिक लागू पडते. मांदेलीला आंबट चवीपुरते, चिलापीला गरजेपुरते.

चिलापी, म्हणजे तिलापिया, हा मूळचा आफ्रिकेतला मासा. त्याची मोझांबिक जात भारतात १९५२मध्ये आणली गेली. भीमेवरच्या उजनी जलाशयात तो इतका माजला की भिगवणच्या खानावळींची ओळखच चिलापी झाली. काटे मोठे आणि मोजके, मांस पांढरे, लहान मुलाच्या ताटात निर्धास्त वाढावे असे. पण चव पूर्णपणे पाण्यावर. वाहत्या पाण्यातली चिलापी तळल्यावर गोडसर लागते, शहरी तलावातली हाती घेतानाच शंका यावी अशी. साफ करताना पोटाच्या आतला काळा पडदा खरवडून काढलाच पाहिजे. तो राहिला तर कडवटपणा मसाल्यातूनही वर येतो. दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा, आले-लसूण-मिरची-कोथिंबिरीचे वाटण, हळद, मीठ, कोळ, आणि वरून तांदळाचे पीठ. पिठाचा थर जाड केला की चिलापी आणि इतर कोणताही मासा यांत फरक उरत नाही. बऱ्याच खानावळींना तेच हवे असते.

मरळ हा या यादीतला खरा मानकरी. हवेतला प्राणवायू घेऊ शकत असल्याने तो बाजारात जिवंत विकता येतो. काटे कमी, मांस घट्ट, चरबी थोडी. तव्यावर सुटत नाही, कडा कुरकुरीत होतात. विदर्भ-मराठवाड्यात त्याला जो मान आहे तो कोकणपट्टीने दिलेला नाही, आणि हा किनाऱ्याचा अन्याय म्हणावा लागेल. रोहू-कटल्याची तुकडी चवीला बरी, पण मांसात रुतलेले दुटोकी बारीक काटे सरावाशिवाय जमत नाहीत.

चिवणी गोड्या आणि मचूळ दोन्ही पाण्यांत राहते. बिनखवल्यांची, बुळबुळीत, परांजवळ टोचणारे काटे. मृगाच्या पावसात ती अंडी घालायला खाजणांत आणि भातखाचरांत चढते तेव्हा गाभोळीने भरलेली असते. अशा पावसात वर चढणाऱ्या, म्हणजे वलगणीच्या, माशांत आगरी-कोळी घरांत तिच्याइतकी वाट दुसऱ्या कशाची पाहत नाहीत. मांस मऊ आणि तेलकट, गाभोळी दाणेदार. ती तळण्यापेक्षा आंबट कालवणात शोभते, हेही सांगितले पाहिजे. अंड्यांवर आलेला मासा सरसकट उपसल्याने पुढच्या वर्षीची चिवणी घटते, ही तक्रार रास्त आहे.

बोंबील-मांदेलीपुढे यांचे स्थान काय? बोंबलाच्या वजनात सुमारे नव्वद टक्के पाणी. दाबून निथळवून तळला की बाहेर कुरकुरीत, आत लोण्यासारखा. मांदेली काट्यासकट चावून खाल्ली जाते. या दोन्ही गोष्टी वरच्या यादीतला एकही मासा देत नाही. समुद्रातली यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा वर्सोव्यातल्या घरांतही तवा तापतो तो खाडीच्या आणि गोड्या माशांसाठी, नाहीतर सुक्या बोंबलासाठी. त्या दोन महिन्यांत निवड करायची झाल्यास आधी मरळ, मग चिवणी, मग स्वच्छ धरणातली चिलापी. ज्याचे पाणी ठाऊक नाही असा तलावातला मासा घेऊ नये.