हिरव्या उजेडाची कबुली

एमएस्सीला असताना मला झिंक ऑक्साईडचा पातळ थर तयार करण्याचा प्रकल्प मिळाला होता. तापलेल्या काचेवर जस्ताच्या क्षाराचे द्रावण फवारायचे, थर बसला की त्यावर लेसर सोडायचा आणि तो थर स्वतः कोणता उजेड देतो हे मोजायचे. आलेखात ३८० नॅनोमीटरजवळ, म्हणजे अतिनील भागात, उंच टोक यायला हवे होते. माझे टोक बुटके आले आणि ५२० च्या आसपास हिरव्या उजेडाचा भलामोठा उंचवटा उभा राहिला. मी अहवालात आलेख ४५० लाच कापला. सरांनी एवढेच विचारले, "पुढचा भाग कुठे गेला?"

त्या प्रश्नामुळे मी या पदार्थाचा इतिहास वाचू लागलो.

झिंक ऑक्साईड जुना आहे. अरबी-फारसी वैद्यकात तो 'तूतिया' या नावाने डोळ्यांच्या औषधात वापरत. तेराव्या शतकात मार्को पोलोने इराणच्या किरमान भागात त्याची भट्टी पाहिल्याचे लिहिले आहे. खाली विशिष्ट माती तापवायची, वर लोखंडी जाळी ठेवायची. धूर जाळीला चिकटे, तोच तूतिया. वाफेतून थर बसवण्याची कल्पना इतकी जुनी आहे.

त्याच्या उजेडाकडे शास्त्रज्ञ वळले ते फार नंतर. १९६६ साली अमेरिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून थंड केलेल्या झिंक ऑक्साईडच्या स्फटिकातून अतिनील लेसर मिळवला गेला. यात इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली रिकामी जागा यांची जोडी जमते. ती फुटण्याआधी एकत्र आली की अतिनील प्रकाश बाहेर पडतो. गॅलियम नायट्राईडमध्ये ही जोडी सुमारे २५ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या बळाने बांधलेली असते, झिंक ऑक्साईडमध्ये ६० च्या. खोलीतल्या उष्णतेचे बळ सुमारे २६. म्हणजे झिंक ऑक्साईडमधली जोडी उन्हाळ्यातही टिकते. १९९७ च्या सुमारास जपान आणि हाँगकाँगच्या संशोधकांनी पातळ थरांतून साध्या खोलीच्या तापमानाला लेसर प्रकाश मिळवला, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली.

आड येत होता तो हिरवा उंचवटा. स्फटिकात एखादा अणू जागेवर नसला किंवा परका अणू घुसला, की इलेक्ट्रॉनला मधली पायरी मिळते. तो एका उडीत खाली येत नाही आणि अतिनील किरणाऐवजी हिरवा उजेड पडतो. दोष ऑक्सिजनच्या रिकाम्या जागेचा, जस्ताच्या, की तांब्याच्या अंशाचा, यावर आजही वाद आहे. गंमत म्हणजे व्हीसीआरच्या घड्याळातले निळसर हिरवे आकडे याच पदार्थाच्या जास्त जस्त असलेल्या रूपातून उजळत. तिथे जो गुण, तोच इथे दोष.

उपाय शोधले गेले ते दोषावर. अनेक प्रयोगांत थर ऑक्सिजनमध्ये तापवून रिकाम्या जागा भरल्या, पण जास्त तापवले की ऑक्सिजन पुन्हा निसटे. हायड्रोजनचा प्लाझ्मा देऊन दोषांची तोंडे बंद केली. पायाही बदलला. नीलमावर अणूंच्या मांडणीत सुमारे १८ टक्के तफावत पडत होती, म्हणून स्कँडियम, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या ऑक्साईडचा स्फटिक घेतला; तिथे तफावत ०.१ टक्क्याहूनही कमी.

तरी एक गाठ सुटली नाही. एलईडीला एन आणि पी असे दोन्ही प्रकारचे थर लागतात. झिंक ऑक्साईड आपसूक एन होतो, पी व्हायला नकार देतो. २००५ मध्ये जपानी गटाने तापमान वारंवार खालीवर करत, नायट्रोजन घालून, त्याच पदार्थाचा एलईडी पेटवला. पी-थराचे दावे पुष्कळ झाले, पण त्यांतले बरेच इतर प्रयोगशाळांत पुन्हा जमेनात. तोवर गॅलियम नायट्राईड बाजारात स्थिरावले होते आणि २०१४ चे नोबेलही निळ्या एलईडीसाठी त्याच्यावर काम करणाऱ्यांना मिळाले.

मला यातून एक गोष्ट पटली. अतिनील उजेड वाढला तो हिरवा उंचवटा मोजणाऱ्यांमुळे. किती अणू चुकले आहेत हे तोच सांगत होता. मी कापलेल्या भागातच माझ्या थराची सगळी माहिती होती.

दुसऱ्या दिवशी मी आलेख ७०० पर्यंत काढून सरांना दिला. त्यांनी हिरव्या उंचवट्यावर पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाले, "आता इथून सुरुवात कर."