पडदा एक, दारं दोन

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञान शिकवलेल्यांनी हे शस्त्रक्रियेचं कुठे काढलं? पण श्वासपटल आधी आमच्याकडेच होतं. सर्जनकडे ते फार उशिरा गेलं. छाती आणि पोट यांच्या मधला हा स्नायूचा घुमटाकार पडदा. तो खाली सरकला की श्वास आत येतो. हा पडदा फाटला, लुळा पडला किंवा त्याला जन्मतःच भोक राहिलं, तर जायचं कोणाकडे? छातीच्या सर्जनकडे की पोटाच्या? घरात असा रुग्ण असला की हा प्रश्न झोप उडवतो. तो मुळात का पडतो, हे आज आपण पाहू.

प्राचीन ग्रीकांकडे 'फ्रेन' हा शब्द श्वासपटलासाठी होता आणि मनासाठीही. प्लेटोच्या 'तिमायस' या संवादात हा पडदा घरातल्या मधल्या भिंतीसारखा येतो: वर शौर्य, खाली वासना. अन्नाची वाफ हृदयापर्यंत पोचू नये म्हणून निसर्गानं तो घातला, असं अरिस्टॉटलचं म्हणणं. हिप्पोक्रॅटिसच्या परंपरेत फेफऱ्यावर लिहिलेला एक ग्रंथ मात्र स्पष्ट सांगतो, की या पडद्याला ते नाव योगायोगानं आणि रूढीनं मिळालंय. विचार करतो तो मेंदू. तरी नाव टिकलंच. श्वासपटल हलवणाऱ्या मज्जातंतूला डॉक्टर आजही 'फ्रेनिक नर्व्ह' म्हणतात, आणि 'स्किझोफ्रेनिया'तही तोच शब्द बसलाय. नाव एक सांगतं, वस्तू दुसरंच असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या पडद्यातून पोटातले अवयव छातीत शिरू शकतात, हे सोळाव्या शतकात फ्रान्सच्या अँब्रॉइज पारेनं मृतदेह तपासून नोंदवलं. पण दुरुस्त कसं करणार? छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरते आणि फुफ्फुस मिटतं. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोटाच्या शस्त्रक्रिया रुळल्या, तरी छातीचं दार जवळजवळ बंदच होतं. १९०४ मध्ये ब्रेस्लाउ इथे, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रॉत्सवाफला, फर्डिनांड झाउअरब्रुखनं एक खोली तयार केली. आत हवेचा दाब थोडा कमी. रुग्णाचं धड आत, डोकं बाहेर, आणि सर्जनही आतच! पुढे श्वासनळीतून नळी घालून हवा देण्याची सोपी पद्धत आली आणि ती खोली मागे पडली. छातीची शस्त्रक्रिया ही वेगळी शाखा झाली. आता एकाच पडद्याला दोन दारं झाली, एक वरून, एक खालून. आणि दोन दारांवर दोन वेगळे कारागीर.

अन्ननलिका जिथून पोटात उतरते तिथला हर्निया घ्या. १९५१ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या फिलिप अ‍ॅलिसननं छातीतून करायची दुरुस्ती मांडली. १९५६ मध्ये बाझेलच्या रुडॉल्फ निसेननं जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची रीत प्रसिद्ध केली. हा निसेन झाउअरब्रुखच्याच हाताखाली तयार झालेला, पण त्याची ही रीत पोटातून चालली. १९९१ पासून ती दुर्बिणीनं होऊ लागली. म्हणून आज हा हर्निया बहुतेक वेळा पोटाचे लॅपरोस्कोपिक सर्जन हाताळतात.

बाकीचे आजार वेगळे. नवजात बाळाच्या पडद्यातलं भोक हे बालशल्यचिकित्सकाचं काम. बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉसनं १९४६ मध्ये एक दिवसाचंही न झालेलं बाळ शस्त्रक्रियेनं वाचवल्याचं नोंदवलं. अपघातात पडदा ताजा फाटला असेल, तर प्लीहा, यकृत, आतडी यांनाही इजा असू शकते, म्हणून बहुधा पोट उघडतात. फाटून बराच काळ लोटला असेल, तर वर चढलेले अवयव छातीत चिकटलेले असतात. तिथे छातीची वाट अनेकदा बरी पडते. पडदा लुळा पडून वर चढला असेल, तर त्याला चुण्या घालून ताणून बसवण्याचं काम बहुधा छातीचे सर्जन करतात. पण तो लुळा का पडला, हे आधी शोधायला हवं. त्याचा मज्जातंतू मानेतून निघतो, त्यामुळे दुखण्याचं मूळ पडद्यापासून हातभर लांबही असू शकतं.

बाळ किंवा अपघात असेल, तर निवड करत बसायला वेळ नसतो. सगळे विभाग असलेलं मोठं रुग्णालय गाठावं. वेळ असेल, तर मात्र विचारावं: पडद्याला नेमकं काय झालंय? कोणत्या वाटेनं जाणार, आणि तीच का? अशा शस्त्रक्रिया तुम्ही किती केल्यात? गरज पडली तर दुसऱ्या दाराचा सर्जन हाताशी आहे का?

आपल्याकडे डॉक्टरांना असं विचारायला माणसं संकोचतात. त्यांना राग येईल असं वाटतं. पण विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. चांगल्या सर्जननंही हे प्रश्न स्वतःला आधीच विचारलेले असतात. दवाखान्याच्या पाटीवरची शाखा छाती आणि पोट यांच्या जुन्या वाटणीतून आलेली आहे. रुग्णाच्या पडद्याला ती वाटणी ठाऊक नसते. तेव्हा पाटी जरूर वाचा. पण निर्णय करा तो आजार कोणता आणि त्यावर हात कोणाचा बसलाय, हे पाहूनच.